दोन लढाया, एक पार
आर्वी तालुक्यातील आमच्या गावात कापूस वेचणीच्या हंगामातही रात्री पारावर ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या इंग्रजी मालिकेतील दोन लढायांवरून वाद रंगतो. २०१६ मधील ‘बॅटल ऑफ द बास्टर्ड्स’ या भागातली लढाई मला अधिक पटते. कारण धाकट्या भावाला वाचवण्यासाठी जॉन स्नो एकटाच पुढे धावतो ही चूक त्याच्या स्वभावातूनच येते, आणि ढालींच्या वेढ्यात त्याचे सैन्य कसे चिरडले जाते हे स्पष्ट दिसते. त्याची बहीण सान्सा हिने मदतीला येणाऱ्या व्हेल प्रांताच्या घोडदळाची बातमी त्याच्यापासून का लपवली, याचे समाधानकारक उत्तर मात्र माझ्यापाशी नाही. २०१९ मधील ‘द लाँग नाइट’ हा भाग ८२ मिनिटांचा, आणि भारनियमनाची आठवण व्हावी इतका अंधारा. शिवाय तटबंदी पाठीशी असताना डोथ्राकी घोडेस्वारांना काळोखात आधीच सोडून देणे कोणत्या सेनापतीला सुचेल?