सेल्फ वॉटरिंग प्लांटर घ्यावेत का? पुण्यातल्या गच्चीवर भाजी लावून बघितलेला रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकते. मार्च ते मे पैसे वसूल. पावसाळ्यात उघड्या गच्चीवर असतील तर खालचं बूच काढून साध्या कुंडीसारखे वापरा. आणि सोबत आलेलं माहितीपत्रक सरळ रद्दीत.

मी घेतलेत ते लांबट, दोन फुटी, ऑनलाइन मागवलेले. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, तसेच दिसणारे प्लांटर वेगवेगळ्या नावांनी मिळतात. खाली पाण्याची टाकी, वर जाळीचा तळ, त्यातून दोन खोलगट कप टाकीत उतरतात आणि त्या कपांतलं मिश्रण पाणी वर ओढून घेतं, म्हणजे दिव्यातली वात तेल ओढते तसंच. कोपऱ्यात पाणी ओतायची नळी, आत तरंगती काडी म्हणजे टाकी किती भरलीये ते कळतं. जाळीच्या जरा खाली बाजूला एक भोक असतं, जास्तीचं पाणी तिथून बाहेर. हे भोक नसेल तर कितीही स्वस्त मिळू दे, घेऊ नका. पाणी आणि जाळी यांच्यात हवेला जागा उरली नाही की मुळं कुजलीच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, माती. पत्रकात लिहिलंय "बागेतली कोणतीही माती चालेल". अहो कशी चालेल? आपली काळी माती ओली झाली की चिखल, वाळली की भेगा, आणि नर्सरीतली लाल माती कपात जाऊन दगडासारखी बसते, मुळांना हवा काय मिळणार. निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), पाव हिस्सा गांडूळखत, उरलेल्यात परलाइट (पांढरे हलके खडे) किंवा भाताचं तूस आणि वर मूठभर निंबोळी पेंड, एवढं पुरतं. कोकोपीटच्या विटेत खार असतो, ती भिजवून पाणी दोनतीनदा बदलून पिळून घ्या. कपात मात्र नुसतं ओलं कोकोपीट दाबून भरायचं, खत नाही. आणि पहिलं पाणी वरून द्यायचं, सगळं एकदा नीट भिजलं की मगच खालचं पाणी वर चढतं, कोरड्या कोकोपीटमधून काही चढत नाही. बी टाकलं असेल तर रोप हाताला लागेल एवढं होईपर्यंत वरूनच शिंपडत राहायचं, हे पत्रकात कुठेच नाहीये आणि लोक मग म्हणतात मेथी उगवलीच नाही.

टोमॅटो यात खरंच सुंदर येतात. फळाचा बूड काळा पडतो ना, त्याला लोक रोग समजून फवारण्या करतात, पण बहुतेक वेळा पाणी कधी भसाभस कधी अजिबात नाही अशा कारभारामुळे फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही म्हणून ते होतं. इथे ओलावा एकसारखा राहतो त्यामुळे हा त्रास बराच कमी. पालक, चुका, लाल माठ पण मस्त. मिरचीला सतत ओलं आवडत नाही, तिची टाकी रिकामी झाल्यावर दोन दिवस थांबून भरा. मुळा-गाजराला खोली पुरत नाही, आणि कढीपत्ता, तुळस यात लावायच्या भानगडीत पडू नका.

"पंधरा दिवस पाण्याची चिंता नाही" हा जाहिरातीतला दावा पालकाच्या कोवळ्या रोपांना थंडीत कदाचित लागू पडेल, एप्रिलच्या उन्हात फळांनी लगडलेलं टोमॅटोचं झाड टाकी दोन-तीन दिवसांत पिऊन टाकतं. तरी शनिवार-रविवार गावी जायचं तर शेजारच्या काकूंना चावी द्यावी लागत नाही, आणि माझ्यासाठी तेवढं पुष्कळ आहे. वर उसाचं पाचट किंवा वाळका पाला पसरला तर अजून टिकतं.

डासांचं कुणी सांगत नाही म्हणून सांगते. डेंग्यूचा डास बहुतेक वेळा साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचा डास तयार. पाण्याची नळी आणि ते बाजूचं भोक, दोन्हीला बारीक जाळी बांधा. माझ्या प्लांटरच्या नळीला झाकणच नव्हतं, एवढ्या किमतीत दोन रुपयांचं झाकण देता येत नाही का यांना?

टाकीत जीवामृत, शेणाचं पाणी वगैरे अजिबात ओतू नका, असा वास सुटतो की खालच्या मजल्यावरून फोन येतो. पातळ खत द्यायचं ते वरून. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी असेल तर वर पांढरी साय धरते, कारण पाणी खालून वर येऊन उडून जातं आणि क्षार तिथेच राहतात, अधूनमधून बूच उघडून वरून भरपूर पाणी सोडून धुवून काढायचं.

प्लास्टिक जाड आहे, रंग अजून उडालेला नाही. तरंगती काडी मात्र अडकते, टिचकी मारली की सुटते. काळ्या रंगाचा घेऊ नका, गच्चीवर मुळं भाजतात. आणि भरल्यावर वजन बेक्कार होतं, आधी जागा ठरवा मग भरा.

किंमत जास्त वाटत असेल तर रंगाची रिकामी बादली घासून-पुसून घ्या, तिच्यात बसेल अशी भोकं पाडलेली कुंडी आणि वातीसारखी कुंडीतून खाली पाण्यात सोडायला नायलॉनची जाड दोरी घ्या, सुती नको, ती कुजते. दिसायला भिकार पण वांगं तेवढंच येतं.