अर्ध्या मिनिटाची शांतता आणि ४७,५०० रुपये

माझ्या दोन्ही कानांत चोवीस तास बारीक, उंच पट्टीतली शिट्टी वाजत असते. डाव्या कानात ती अधिक तीव्र आहे. हा आवाज बाहेर कुठेही नसतो आणि शेजारी बसलेल्या माणसाला तो ऐकू येत नाही. डॉक्टर त्याला टिनिटस म्हणतात, आयुर्वेदात त्याला कर्णनाद असा शब्द आहे. तो कायमचा बंद करून देतो असे सांगून सांगलीतील एका शिबिरात माझ्याकडून तीन वेळा मिळून ४७,५०० रुपये घेतले गेले. ते कसे घेतले गेले हे मी क्रमाने लिहीत आहे, कारण अशी शिबिरे आजही भरतात आणि तिथे जाणारी माणसे माझ्यासारखीच असतात, कित्येक रात्री धड न झोपलेली.

आमचे घर विट्याचे. खाली यंत्रमाग आणि वर राहते घर. १९८७ साली लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून मागांचा खडखडाट ऐकत आले. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवत असे, पण शाळेच्या आधी आणि नंतर खाली जाऊन कांड्या भरत असे, आणि तिथे एकमेकांशी बोलताना आम्ही सारे ओठांकडेच पाहत असू. कानाला काही होईल असा विचारही कोणाच्या मनात आला नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, माग थांबले आणि तेहतीस वर्षांत पहिल्यांदा घर रात्रभर शांत राहिले. त्या रात्री मला शिट्टी ऐकू आली. मी उठून फ्रीज बंद केला, विजेच्या मीटरला कान लावून पाहिला, शेवटी मेन स्विच पाडला. सगळ्या घरात अंधार झाला, तरी आवाज होता तसाच होता.

पुढे एका डॉक्टरांना दाखवले. कानात बॅटरीचा उजेड टाकून त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "वयोमानाने होते, याला औषध नाही, सवय करून घ्या." त्यांचे म्हणणे सर्वस्वी चुकीचे नव्हते हे मला आता कळते, पण श्रवणतपासणी न करता, कारण न सांगता, सवय नेमकी कशी करायची याविषयी चकार शब्द न काढता दिलेल्या अशा एका वाक्यावर रुग्ण घरी परततो तेव्हा फसवणाऱ्यांचे अर्धे काम तिथेच झालेले असते, असे माझे स्पष्ट मत आहे.

फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्तमानपत्रातून एक पत्रक आले. 'कानात आवाज, बहिरेपणा, ऑपरेशनशिवाय ४५ दिवसांत मुक्ती, तपासणी मोफत' असा त्यावरचा मजकूर होता. माझ्या जाऊबाईंनाही कानाचा त्रास असल्यामुळे आम्ही दोघी एसटीने तासगावमार्गे सांगलीला गेलो. शिबिर एका मंगल कार्यालयात होते. दारातच टेबल मांडून पांढरा कोट घातलेली मुले नावे लिहून घेत होती. त्रास किती दिवसांचा, घरी कोण कोण, नोकरी कुठे केली, पेन्शन आहे का, असे प्रश्न त्यांनी आपुलकीने विचारले. कानाच्या तपासणीशी पेन्शनचा काय संबंध, हे मला त्या वेळी सुचले नाही.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर पलूसकडचे एक शेतकरी बसले होते. आठ दिवसांपूर्वी सकाळी उठल्यावर त्यांचा उजवा कान अचानक पूर्ण बंद झाला होता आणि त्यातून भोंग्यासारखा आवाज येत होता. त्यांना जी बाटली दिली गेली तीच पुढे मला मिळाली. एका कानाने अचानक ऐकू येईनासे होणे ही तातडीची बाब असते, पहिल्या काही दिवसांत स्टिरॉइडचे उपचार सुरू झाले तर ऐकू परत येण्याची आशा असते आणि दिवस गेले की ती कमी होत जाते, हे मला नंतर मिरजेत कळले. त्या गृहस्थांचे पुढे काय झाले मला माहीत नाही, आणि माझ्या पैशांपेक्षा ती गोष्ट मला अधिक टोचते.

माझी पाळी आली. ज्यांना सगळे 'डॉक्टरसाहेब' म्हणत होते त्यांनी मी शिक्षिका होते हे कागदावर वाचून मला "बाई" म्हणायला सुरुवात केली. त्यांनी कानांवर हेडफोन लावले, वेगवेगळे स्वर ऐकवून माझ्या शिट्टीशी कोणता जुळतो ते विचारले, आणि मग पावसाच्या सरीसारखा सळसळणारा मोठा आवाज साधारण मिनिटभर कानांत सोडला. तो थांबला तेव्हा शिट्टी नव्हती. कार्यालयातल्या पंख्याची घरघर, बाहेरच्या रिक्षाचा हॉर्न, कोणाच्या तरी बांगड्या, सगळे मला स्वच्छ ऐकू आले आणि त्यामागे काहीही नव्हते. तीन वर्षांत मी अशी शांतता अनुभवली नव्हती. माझ्या डोळ्यांना धार लागली. अर्ध्या मिनिटाने शिट्टी हळूहळू परत आली तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "बघा बाई, तुमची नस अजून जिवंत आहे. आता ही शांतता आपल्याला टिकवायची आहे."

त्यानंतर त्यांना मला काहीही पटवून द्यावे लागले नाही. थेंब आणि कॅप्सूल यांचे १४,५०० रुपये मी त्याच दिवशी भरले. रोख होते तेवढे दिले आणि उरलेल्यासाठी जाऊबाई माझ्यासोबत एटीएमपर्यंत आल्या. त्यांनीही तेवढेच भरले. पावती साध्या कागदावर होती, तिच्यावर 'सेवा शुल्क' असे लिहिलेले होते. एका छापील अर्जावर सही घेतली गेली. 'मी हे आहारपूरक उत्पादन स्वेच्छेने घेत आहे' हे त्यातले बारीक अक्षरातले वाक्य मी घरी आल्यावर चष्मा लावून वाचले. आयुष्यभर मुलांना प्रश्नपत्रिका नीट वाचा म्हणून सांगणाऱ्या मला त्या क्षणी वाचायचेच नव्हते.

पहिल्या महिन्यात आवाज कधी कमी, कधी जास्त होत राहिला. कमी वाटला की फोनवरची मुलगी म्हणे, "मावशी, गुण येतोय." वाढला असे सांगितले की म्हणे, "औषध नसेपर्यंत पोहोचलंय, म्हणून उसळलंय." कोणत्याही उत्तराने औषध खोटे ठरू शकणार नाही अशी ही व्यवस्था होती. टिनिटसचा आवाज जागरणाने, ताणाने, सर्दीने मुळातच वरखाली होतो, त्यामुळे कोणतेही थेंब घातले तरी काही दिवस चांगले जाणारच. एप्रिलमध्ये 'कंपन यंत्र' म्हणून २२,००० रुपये घेतले; ते यूपीआयने एका व्यक्तीच्या खासगी खात्यावर गेले, आणि आज माझ्याजवळचा सर्वांत भक्कम पुरावा तोच आहे. जूनमध्ये 'मेंदूच्या नसांचा शेवटचा कोर्स' म्हणून ११,००० रुपये घेतले. जुलैपासून फोन बंद लागू लागला.

त्या पावसाळ्यात डाव्या कानाला असह्य खाज सुटली, कान गच्च झाला आणि ऐकू येणे आणखी कमी झाले. माझे यजमान मला मिरजेला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे घेऊन गेले. तेलकट थेंबांमुळे आणि दमटपणामुळे कानात बुरशी झाली होती. ती साफ करताना त्यांनी विचारले, "काकू, पडदा शाबूत आहे की नाही हे न पाहता कोणी थेंब दिले?" मी तेव्हा पहिल्यांदा सगळे सांगितले. पडदा शाबूत होता, हे माझे नशीब.

तिथल्या श्रवणतज्ज्ञ मुलीने बंद खोलीत माझी तपासणी केली आणि कागदावरचा आलेख माझ्यासमोर ठेवला. रेषा डावीकडून बरी चालत येत होती आणि ४,००० हर्ट्झपाशी विहिरीसारखी खाली जात होती. मोठ्या आवाजात वर्षानुवर्षे राहिलेल्या कानांची ही ओळखीची खूण असते, असे तिने सांगितले. कारखान्यांसाठी आठ तासांची मर्यादा ९० डेसिबलची आहे, आणि शटलच्या मागांच्या खोलीत ती सहज ओलांडली जाते. अंतःकर्णातल्या शंखाकृती भागात ज्या सूक्ष्म केसपेशी असतात त्या अशा आवाजाने मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. त्या पट्टीचे स्वर येईनासे झाले की मेंदू जणू आपलाच आवाज मोठा करतो आणि तो आपल्याला शिट्टीसारखा ऐकू येतो, असे सध्या मानले जाते. मग मी तिला सांगलीतल्या त्या शांततेबद्दल विचारले. तिने काही न बोलता हेडफोन माझ्या कानांवर ठेवले, तसाच सळसळता आवाज मिनिटभर दिला आणि थांबवला. तीच शांतता, तेवढाच वेळ. "याला रेसिड्युअल इनहिबिशन म्हणतात, काकू. पुष्कळ रुग्णांत काही सेकंद किंवा एखादं मिनिट असं होतं. हा उपचार नाही." या खेपेला मला रडू आले नाही, पण पाय थरथरत होते.

हे ज्यांना आधी माहीत असेल ते त्या खुर्चीवरून उठून येऊ शकतील, म्हणून मी ते इतक्या विस्ताराने लिहिले. टिनिटस कायमचा बंद करणारी गोळी किंवा थेंब आज जगात कुठेही सिद्ध झालेले नाहीत. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत गिंको, मेलाटोनिन, जस्त यांसारखी पूरके देऊ नयेत असे सांगितले आहे, आणि माझ्या कॅप्सूलच्या डबीवर गिंको व जस्त हीच दोन नावे होती. त्याच सूचनांत श्रवणतपासणी, ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्र, आणि सीबीटी नावाने ओळखल्या जाणाऱ्या समुपदेशनाची शिफारस आहे. मी दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावते. बाहेरचे आवाज नीट येऊ लागल्यापासून दिवसा शिट्टी मागे पडते. रात्री उशाशी रेडिओ अगदी बारीक लावून ठेवते, पूर्ण शांतता होऊ देत नाही. आवाज आहेच, पण तो वाढला की कमी झाला हे तासातासाला तपासण्याची सवय समुपदेशनाने सुटली आणि झोप लागू लागली. आवाज एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, चक्कर येत असेल किंवा ऐकू येणे एकाएकी गेले असेल, तर मात्र घरी थांबू नये.

बाटलीकडे मी उशिरा पाहिले. तिच्यावर औषधाच्या उत्पादन परवान्याचा क्रमांक नव्हता, खाद्यपदार्थांवर असतो तो एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांक होता. म्हणजे अन्न म्हणून नोंदलेली वस्तू मला औषध म्हणून विकली गेली आणि ती मी कानात घातली. १९५४ च्या औषधे आणि जादुई उपचारविषयक कायद्याने ज्या विकारांवर उपचाराची जाहिरात करण्यास मनाई आहे, त्या यादीत बहिरेपणा आहे. पत्रकावर तो शब्द ठळक छापलेला होता. पत्रक, साधी पावती, यूपीआयची नोंद आणि रिकाम्या बाटल्या घेऊन मी अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज दिला, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आणि २०२४ मध्ये सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क लागत नाही, मात्र घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावे लागते. पावतीवरच्या पत्त्यावर पाठवलेली नोटीस परत आली. आता खातेदाराच्या नावावरून शोध चालू आहे.

जाऊबाईंनी आपले पैसे गेल्याचे घरी सांगितले नव्हते. त्यांची बाटली देवघराच्या फडताळात कुंकवाच्या डबीमागे होती. ती त्यांनी गेल्या आठवड्यात पदराखाली झाकून माझ्याकडे आणून दिली आणि म्हणाल्या, "ताई, लागली तर ठेवा." मी भिंग घेऊन दोन्ही लेबले शेजारी ठेवून पाहिली. चौदाही अंक तेच होते, फक्त तिच्यावर लिहिले होते 'गुडघेदुखीसाठी'.