एसएमएस, व्हॉट्सॲप की व्हॉइस कॉल? गावातल्या पालकांना निरोप द्यायचा तर

लसीची तारीख, मुलाची गैरहजेरी, घरचा अभ्यास हे पालकांच्या फोनवर कळवायचं तुमच्या संस्थेनं ठरवलं असेल, तर पहिला वाद माध्यमावरूनच होणार. आमच्याकडेही झाला.

व्हॉट्सॲपचं आधी उरकतो. चित्र, व्हिडिओ, सगळं जातं; राज्यात २०२० मध्ये शाळकरी मुलांच्या अभ्यासाचा ‘स्वाध्याय’ उपक्रम त्यावरच चालला. पण घरात स्मार्टफोन एक, तो बापाच्या खिशात आणि बाप दिवसभर कामावर. ग्रुपवर सुप्रभात आणि वाढदिवसांची रांग लागते ती वेगळीच.

एसएमएस साध्या फोनवरही पोचतो, म्हणून माझा कल आधी तिकडेच होता. मन उडालं ते अक्षरांच्या हिशेबानं. इंग्रजीत एका मेसेजमध्ये १६० अक्षरं बसतात, मराठीत ७०, आणि त्यातही काना, मात्रा, वेलांटी प्रत्येक वेगळी मोजली जाते. ‘लसीकरणासाठी’ हा एक शब्दच ११ जागा खातो. ‘कार्ड आणा, नंतर ताप आला तर घाबरू नका’ हे पुढं जोडलं की दुसऱ्या मेसेजचे पैसे. घाऊक पाठवायचे तर मजकूर आधी डीएलटीवर, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी व्यवस्थेवर, मंजूर हवा. तारखेपुरती मोकळी जागा ठेवता येते हो. पण ‘ओढ्याला पाणी आहे, आम्हीच वरच्या वाडीत येतो’ हे ऐनवेळी कसं कळवणार? शेवटी काटछाट होऊन उरते ती नोटीस, आणि तीही कर्जाच्या जाहिरातींखाली गाडली जाते.

रेकॉर्ड केलेल्या कॉलला ही कटकट कमी. आरमान संस्थेची ‘एममित्र’ आणि केंद्राची २०१६ पासूनची ‘किलकारी’ या आई-बाळाच्या आरोग्याच्या दोन्ही सेवा आवाजावरच चालतात. किलकारीत गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक, असे ७२ कॉल. आम्ही आशाताईंच्याच आवाजात, त्यांच्या बोलीत रेकॉर्ड केलं. स्पीकर लावला की सासूही ऐकते, आणि लसीला न्यायचं की नाही हे बऱ्याच घरांत तीच ठरवते. अनोळखी नंबर कापतात, हे खरं. म्हणून वेळ संध्याकाळची ठेवा, आणि मिस्ड कॉल दिल्यावर निरोप पुन्हा ऐकू येईल अशी सोय मागून घ्या.

अभ्यासाचं मात्र रेकॉर्डिंगवर भागेल असं वाटत नाही. बोट्स्वानात २०२० मध्ये शाळा बंद असताना काही घरांना नुसते एसएमएस गेले, काहींना सोबत आठवड्याला १५-२० मिनिटांचा शिक्षकाचा फोन. मुलांचं गणित ठळकपणे सुधारलं ते फोनवाल्या घरांत.

तुमच्या भागात आयांकडे स्वतःचा फोन असेल आणि वाचायची सवय असेल, तर एसएमएस पुरेलही कदाचित. मीही तो पुरता सोडलेला नाही: कॉल झाला की मागून एक जातो, फक्त वार आणि ठिकाण.