ट्रान्सप्लांटनंतर राहायचं कुठं: दवाखान्याजवळची खोली, संभाजीनगर की गाव?

बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या पेशींचं रोपण, झाल्यावर सुट्टीची तारीख कळली की घरात एकच प्रश्न सुरू होतो, आता पेशंटला न्यायचं कुठं? मराठवाड्यातल्या घरांपुढे बहुतेक वेळा तीन वाटा असतात. पुण्या-मुंबईत दवाखान्याजवळ खोली घ्यायची, परभणी-लातूर-बीडकडचं आपलं गाव गाठायचं, किंवा छत्रपती संभाजीनगरला राहून तपासणीपुरतं जाऊन यायचं. नवऱ्याच्या आजारपणात या तिन्हींचा विचार मला करावा लागला. जोडीदाराला सांभाळणाऱ्यांसाठी तो इथे मांडते.

आधी डॉक्टरांकडून एक गोष्ट नीट समजून घ्या: पेशी पेशंटच्या स्वतःच्या आहेत की दात्याच्या? मायलोमासारख्या रक्ताच्या कर्करोगात बहुधा स्वतःच्याच पेशी काढून परत देतात. साधारण १० ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी वर यायला लागतात आणि सुट्टी लवकर होते. दात्याच्या पेशींचं तसं नाही. त्या पेशंटच्याच कातडीवर, आतड्यांवर, यकृतावर उलटू शकतात. त्याला जीव्हीएचडी म्हणतात. ते दाबून ठेवायला सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस देतात आणि त्याची रक्तातली पातळी सारखी तपासावी लागते. तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची, हे जोडीदारालाच ध्यानात ठेवावं लागतं. म्हणून दात्याच्या पेशी असतील तर पहिले १०० दिवस दवाखान्याजवळच राहा. पैशांची कितीही ओढाताण असली तरी इथे माझं मत बदलत नाही.

कारण ताप. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस ताप दिसला की लगेच फोन करून निघायचं. दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत बघू म्हटलं तर ताप झाकला जातो आणि आतला जंतुसंसर्ग वाढत राहतो. लातूरहून पुणे सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. रात्री दोन वाजता गाडी मिळाली तरी उजाडल्यावरच पोचाल. प्लेटलेट लागल्या तर त्याही रेडिएशन दिलेल्याच लागतात, आणि ती सोय प्रत्येक रक्तपेढीत नसते.

गावाच्या बाजूनेही बोलायला पाहिजे. भाडं वाचतं, लेकरं समोर असतात, पेशंटच्या तोंडाला चव नसली तरी घरच्या ज्वारीच्या भाकरीचे दोन घास जातात. पण गोठा, कडबा, सोयाबीनची मळणी, धान्याची कोठी, या सगळ्या ठिकाणी बुरशीचे कण हवेत उडतात. निरोगी माणसाला त्याचं सहसा काही होत नाही. ट्रान्सप्लांट झालेल्याच्या फुफ्फुसात मात्र ते घर करू शकतात. मास्क लावला म्हणजे मळणीच्या बाजूला बसायला मोकळीक मिळाली असं होत नाही. पाण्याचंही बघा. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, आणि टँकर आजही आपल्या ओळखीचा आहे. गावी राहायचंच असेल तर पिण्याचं पाणी रोज उकळायचं आणि झाकून ठेवायचं.

ज्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही ते असं: पेशंट बाई आहे की पुरुष, यावरही जागा ठरवा. बाई गावी आली की चार दिवसांत चुलीपाशी जाते. भेटायला माणसं येतात, "लई वाळली गं" म्हणतात, आणि हीच उठून चहा टाकते. तिच्यासाठी परगावची खोली हीच खरी विश्रांती. तिथे नवऱ्याने भात-वरण शिकून घ्यावं, ते काही अवघड नाही. पुरुष पेशंटला गावात रान ओढतं. जरा बरं वाटलं की बांधावर चक्कर मारतो. घरातला मोठा माणूस त्याला ठामपणे थांबवणार नसेल तर गाव नको.

खोलीवर सगळा भार एकट्या जोडीदारावर येतो. स्टिरॉइड चालू असलं की पेशंटची झोप उडते, चिडचिड होते, आणि ती ऐकायला दुसरं कुणी नसतं. तो राग औषधाचा आहे हे कळत असूनही लागतो. त्यामुळे खोली घ्यायची तर दीर, भाऊ, नणंद, कुणीतरी आलटूनपालटून येणार हे आधीच पक्कं करा. ज्याला सर्दी-खोकला आहे त्याने यायचं नाही, हेही तेव्हाच सांगून टाका. नुसते पैसे पाठवणाऱ्यांचे उपकार आहेतच, पण रात्री जागायला माणूसच लागतो.

संभाजीनगरचा मधला पर्याय मला स्वतःच्या पेशींच्या ट्रान्सप्लांटनंतर सगळ्यात पटतो. मात्र तिथल्या रक्तविकारतज्ज्ञांना आधी भेटून, रात्री पेशंट आणला तर दाखल करून घेणार का, हे विचारलेलं असावं. संभाजीनगर-पुणे अंतर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, म्हणजे तपासणीला सकाळी निघून जाता येतं. सुरुवातीला गर्दीची एसटी नको, स्वतंत्र गाडीच करा. दात्याच्या पेशी असतील तर हा पर्याय १०० दिवसांनंतरचा, तोही डॉक्टर हो म्हणाले तर.

जेवणाचे नियम कुठेही राहिलात तरी तेच: ताजं, शिजवलेलं, गरम. कच्ची मोड आलेली मटकी नको, कोथिंबीर वरून भुरभुरण्याऐवजी शिजवून घाला, जुने शेंगदाणे टाकून द्या. पपनस आणि ग्रेपफ्रूट सायक्लोस्पोरिन-टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी बिघडवतात, म्हणून बंद. दह्याचं प्रत्येक दवाखान्याचं वेगळं असतं, विचारून घ्या.

१०० दिवस झाले म्हणजे सगळं मोकळं झालं असं धरू नका. लहानपणीच्या लसी पुन्हा घ्याव्या लागतात, साधारण सहा महिने ते वर्षभराने त्या सुरू होतात. गोवरासारख्या जिवंत लसी दोन वर्षांच्या आत देत नाहीत. शेतावर परतायचं तेही डॉक्टरांना विचारूनच.

खोलीची आगाऊ रक्कम देण्याआधी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांकडून एक पानाचं पत्र लिहून घ्या: आजार, ट्रान्सप्लांटचा प्रकार, चालू औषधं, ताप आल्यावर काय द्यायचं, रक्त कोणतं चालेल, आणि चोवीस तास लागणारा फोन नंबर. त्याच्या तीन प्रती काढा. एक फाइलमध्ये, एक तुमच्या पिशवीत, एक गावाकडच्या किंवा संभाजीनगरच्या डॉक्टरांकडे.