ज्वालामुखीच्या डोंगरावरची कॉफी म्हणून चिकोरी गळ्यात मारली, बेळगावकरांनो जपून

टिळकवाडीत मागं एक प्रदर्शन लागलं होतं, लोणची, कुर्ते, गुडघेदुखीची तेलं असलं सगळं, त्यातच एका स्टॉलवर मोठा बोर्ड, ग्वाटेमालाच्या अँटिग्वाची ऑरगॅनिक कॉफी, ज्वालामुखीच्या मातीतली. माणूस बोलायला एकदम गोड. आमच्यासमोर बरणीतले दाणे काढले, दळले, छोट्या कपात करून दिली. खोटं कशाला बोलू, कॉफी झकास होती. आमच्या घरी वर्षानुवर्षं चिकमगळूरची फिल्टर कॉफी, त्यामुळं चांगलं काय ते कळतं की. 200 ग्रॅमला 950 रुपये. जाऊबाईंनी पण घेतली. बिल मागितलं तर "ताई, नेट गेलंय, व्हॉट्सॲपवर टाकतो", आणि क्यूआरवर नाव आलं ते कुठल्या तरी साडी सेंटरचं.

घरी पाकीट फोडलं तर आत दाणे नाहीतच, पावडर. डिकॉक्शन काळंकुट्ट पडलं, चव कडू आणि वास जळक्या गुळासारखा. मग ग्लासभर थंड पाणी घेऊन वर चिमूटभर पावडर टाकली. खरी कॉफी पाण्यावर तरंगते, चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळांची पूड, काही सेकंदात खाली बसायला लागते आणि जाताना तपकिरी रंगाची रेघ सोडते. इथं जवळजवळ सगळंच खाली गेलं, पाणी तपकिरी. तसं चिकोरी घालणं हा गुन्हा नाही, आपल्याकडं अर्धं जग तीच पितं, पण मिक्स्चर असेल तर त्यात कॉफी निदान 51 टक्के पाहिजे आणि दोन्हीचे टक्के पाकिटावर छापावे लागतात. ह्याच्यावर चिकोरीचं नाव सुद्धा नाही.

मग पाकीट नीट वाचायला बसले आणि हसावं की रडावं कळेना. चित्रात निळा समुद्र, वाळू, नारळाची झाडं! अहो, कॉफीचं अँटिग्वा म्हणजे ग्वाटेमालातलं डोंगरातलं गाव, समुद्रसपाटीपासून साधारण 1500 मीटर, भोवती आग्वा, फुएगो आणि आकातेनांगो असे तीन ज्वालामुखी, त्यातला फुएगो अजून धुमसतोय, 2018 च्या जूनमध्ये केवढी माणसं गेली त्यात. समुद्रवालं अँटिग्वा म्हणजे कॅरिबियनमधलं बेट, तो वेगळाच देश. डिझाइनवाल्यानं नाव सर्च करून पहिला फोटो चिकटवला असणार. बाकी आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, ऑरगॅनिकचा लोगो आहे पण सर्टिफिकेटचा नंबर नाही, एफएसएसएआयचा, म्हणजे खाण्याच्या वस्तूंचा परवाना देणाऱ्या सरकारी खात्याचा, 14 आकडी नंबर त्यांच्या साइटवर टाकला तर फरसाणाचा कारखाना निघाला, तो पण दुसऱ्या राज्यातला.

असल्या नावांवर चोरी जुनीच आहे म्हणा. हवाईतल्या कोनाची कॉफी पण ज्वालामुखीच्या उतारावरची, 1990 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या एका व्यापाऱ्यानं पनामा आणि कोस्टा रिकाचे दाणे कोना म्हणून खपवले, तुरुंगात गेला. त्यानं निदान कॉफी तरी विकली! आणि ज्वालामुखीचंच कौतुक असेल तर आमच्या निपाणी-चिकोडीकडची काळी जमीन कशाची आहे, लाव्हाच्या दगडाचीच ना, त्याचे कोण 950 देतंय.

फोन केला तर म्हणतो, "ताई, तुमचं पाणी जड आहे, म्हणून चव बदलली." मी म्हटलं, "मग तुमच्या स्टॉलवरचं पाणी काय ग्वाटेमालाचं होतं काय?" फोन कट, नंतर ब्लॉक. हॉल चालवणाऱ्यांनी पण हात वर केले, आम्ही फक्त जागा भाड्यानं देतो म्हणे. 1915 वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली आहे, पाकिटाचे फोटो आणि पेमेंटचा स्क्रीनशॉट जोडला, बघू काय होतंय. जाऊबाईंनी त्यांचं पाकीट न फोडता पुरावा म्हणून ठेवलंय.

स्टॉलवाला जाताना पुढचं प्रदर्शन निपाणीला, मग गडहिंग्लजला म्हणत होता. तिकडच्या कुणाला दिसला तर बरणीतली कॉफी पिऊ नका, विकायचं पाकीट तिथंच फोडायला लावा आणि त्यातली करून दे म्हणा.