चाप, पिंजरा की चिकट पॅड?

दसरा सरला की आमच्या परभणीकडं घरोघरी सोयाबीनची पोती येऊन पडतात. भाव वाढेल या आशेनं कुणी दिवाळीपर्यंत ठेवतं, कुणी थेट संक्रांतीपर्यंत. रान रिकामं झालं की उंदरंही पोत्यांच्या मागोमाग घरात. मग दुकानात उभं राहिलं की प्रश्न पडतो, नेमकं घ्यायचं काय? मी तिन्ही वापरलेत आणि त्यातल्या एकाचे पैसे वाया घालवलेत.

दुकानात जायच्या आधी पोत्यांमागं बॅटरी मारून लेंड्या बघा. जिऱ्याएवढ्या असतील तर तो छोटा घरउंदीर. शेंगदाण्याएवढ्या असतील तर मोठा उंदीर. या दोघांचे स्वभाव वेगळे आहेत. छोटा चौकस असतो, नवीन वस्तू दिसली की पहिल्याच रात्री हुंगायला येतो. मोठा संशयी असतो. काल नसलेली वस्तू आज दिसली तर तो चार-चार दिवस तिच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. पिंजरा लावून दोन रात्रीत काही झालं नाही म्हणून “हा पिंजराच खराब” म्हणणारे इथंच फसतात.

छोट्या उंदरासाठी माझं मत सरळ चापाला. चांगल्या स्प्रिंगचा असेल तर उंदीर जागच्या जागी मरतो, तडफडत नाही. स्प्रिंग ढिली असेल तर मात्र नुसता पाय अडकतो, म्हणून दुकानातच एक काडी घालून उडवून बघा. उंदीर भिंतीला अंग घासत पळतो, खोलीच्या मधून जात नाही. त्यामुळं चाप भिंतीला आडवा लावायचा, खाण्याची बाजू भिंतीकडं. एकच चाप लावून आठवडाभर वाट बघण्यापेक्षा पहिल्याच रात्री चार-सहा लावावेत, सहा ते दहा फुटांवर एकेक.

खाणं किती ठेवायचं, यात मी तोंडावर पडलेली आहे. पहिल्या वेळी अख्खं कांदाभजं ठेवलं. सकाळी भजं गायब, चाप तसाच ताणलेला, पट्टीवर तेलाचा डाग तेवढा उरलेला. कडेकडेनं कुरतडून त्यानं मेजवानी करून घेतली होती. आता भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट करडईच्या तेलात मळते आणि हरभऱ्याएवढी गोळी पट्टीवर दाबून चिकटवते. भाकरीचा तुकडा लावायचा तर दोऱ्यानं बांधते. ओढाओढ केल्याशिवाय ते निघत नाही, आणि ओढलं की चाप उडतो.

चापाला माणूस-जनावर कळत नाही, हा त्याचा मोठा दोष. रांगणारं लेकरू किंवा घरात फिरणाऱ्या कोंबड्या असतील तर चाप पोत्यांच्या मागच्या फटीत, जिथं हात जाणार नाही तिथंच लावा. चिचुंद्रीही त्यात सापडते. ती बिचारी उंदीर नव्हेच, झुरळं-किडे खाणारा वेगळा प्राणी आहे.

मोठा उंदीर किंवा अंगणात बिळं पाडणारी घूस असेल तर पिंजरा घ्या, आणि घुशीसाठी मोठाच घ्या. तीन-चार रात्री दार तारेनं उघडं बांधून आत नुसतं खायला ठेवायचं. खाणं रोज संपायला लागलं की मग दार ताणायचं. आमचा पिंजरा मध्येच दार पाडेना. बघितलं तर आकड्यात सोयाबीनचं फोलपट अडकलेलं.

पिंजऱ्याची खरी अडचण सकाळी सुरू होते. उंदीर आत, जिवंत, आणि घरातले सगळे एकमेकांच्या तोंडाकडं बघतात. “गणपतीचं वाहन आहे, मारू नको,” असं सासूबाई म्हणतात. शेजारच्या गल्लीत सोडला तर तो शेजाऱ्याला दिल्यासारखा, शेतात सोडला तर तो आपलाच हरभरा खाणार. बादलीत बुडवणारे आहेत, मला ते बघवत नाही. सकाळी कोण उचलणार हे घरात ठरलं नसेल, तर पिंजरा आणू नका. पत्र्याच्या घरात तो दुपारपर्यंत तसाच राहिला तर आतला जीव उन्हानं होरपळून मरतो.

चिकट पॅड स्वस्त, लावायला सोपा, आणि तोच मी पुन्हा घेणार नाही. सोयाबीनची धूळ-भुसा बसून दोन दिवसांत त्याचा चिकटपणा गेला. मोठा उंदीर तर जोर लावून सुटतो. छोटा अडकतो, पण तासन् तास चिरकत, तिथंच मुतत. त्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, म्हणून कुठल्याही सापळ्याला हात लावताना हातमोजे घाला. आमच्या पॅडवर पहिल्या रात्री पाल चिकटली होती. खायच्या तेलाचे थेंब सोडत सोडत तिला मोकळं करायला पाऊण तास गेला. केंद्राच्या प्राणी कल्याण मंडळानंही राज्यांना या पॅडवर बंदी आणायला सांगितलेलं आहे.

विषाबद्दल एवढंच, की धान्य असलेल्या घरात मी ते आणत नाही. झिंक फॉस्फाइडला उतारा नाही. ब्रोमॅडिओलोनची वडी खाल्लेला उंदीर तीन-चार दिवसांनी मरतो, तेही नेमका हात न पोचणाऱ्या सांदीत. मग आठवडाभर नाक दाबून बसा.

घर कसलं आहे, यावरही ठरतं. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवकडच्या पुनर्वसित गावांत सिमेंटची घरं आली. अशा घरात उंदीर बहुतेक दाराखालून नाहीतर पाइपाच्या भोकातून येतो, तिथं दोन चाप पुरतात. माळवदाच्या, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं छत असलेल्या घरात तो वर तुळयांवरून फिरतो. तिथं चाप वरच लावायचा, पण तारेनं बांधून, नाहीतर रात्री उंदरासकट अंगावर पडेल.

आमच्यासारख्या घराला चार चाप आणि एक पिंजरा, एवढं सामान बास. पोती भिंतीपासून हातभर लांब, खाली विटा आणि फळ्या. भोकं जाळी घालून सिमेंटनं बुजवायची. फट केवढी चालते हे बघायला पोराची पेन्सिल घ्या, ती जिथून आत जाते तिथून छोटा उंदीरही जातो. आमच्या मागच्या दाराखालून ती पेन्सिल आरामात गेली, वर बोटही गेलं.