प्लास्टिकचा पर्जन्यमापक: शेतासाठी घ्यावा का?

माझी पीएचडी मान्सूनच्या खंडावर, म्हणजे भर पावसाळ्यात पाऊस दडी मारतो त्यावर, चालू आहे. ऐन श्रावणात कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसतो आणि आमच्या औशाकडं सोयाबीन माना टाकतं. ते कधी आणि का, एवढंच शोधायचंय. हवामान विभागाची पावसाची चौकटवार आकडेवारी १९०१ पासूनची आहे, पण तिची एक चौकट पाव अंशाची, म्हणजे साधारण २७ किलोमीटर लांब-रुंद. तेवढ्यात आमच्यासारखी कितीतरी शिवारं बसतात. म्हणून हा मापक ऑनलाइन मागवला अन् गावी अण्णांच्या ताब्यात दिला.

रचना झकास आहे. वर नरसाळं, आत बारीक नळी, बाहेर जाड नळकांडं. नरसाळ्याच्या तोंडाचं क्षेत्रफळ नळीच्या दहापट, त्यामुळं १ मिमी पाऊस नळीत १ सेंटीमीटर चढतो. अण्णा चष्म्याशिवाय वाचतात. २५ मिमीला नळी भरली की पुढचं पाणी नळकांड्यात सांडतं. ते नंतर नळीत ओतून मोजायचं. सप्टेंबर २०२५ च्या पावसात अण्णा चिखलात उभे राहून ओततच होते.

खरी गंमत खंडात कळते. दिवसभर ऊन, संध्याकाळी विजांसह एक सर. नाल्याच्या अलीकडं १८ मिमी, पलीकडच्या वाडीत फुफाटा. चौकटीच्या सरासरीत हे दिसणं शक्यच नाही. अतिवृष्टीची सरकारी रेषा २४ तासांत ६५ मिमीची, तीही महसूल मंडळाच्या आकड्यावर. अण्णांचं यावर एकच वाक्य: "मंडळात पासष्ट भरला नाही म्हणतेत, अन् हितं नळकांडं भरत आलंय!" त्यांचा कागद कुणी विचारत नाही, तरी वही चालू आहे.

आता दोष. सोबतची खांबाला बांधायची पट्टी फालतू, पहिल्याच वादळात मापक कलला. उन्हानं आकडे पुसट झाले. साळुंक्या काठावर बसून घाण करतात. शिवाय खांबावर उंच लावल्यानं वाऱ्यात थोडा पाऊस हुकतो. हवामान विभागाच्या सायमन्स मापकाचा काठ जमिनीपासून जेमतेम ३० सेंटीमीटरवर असतो, ते उगाच नाही.

माझ्या प्रबंधात हे आकडे जाणार नाहीत. एका बांधावरच्या दोन-चार पावसाळ्यांवरून हवामानाचं काही ठरत नसतं. पण साडेआठला अण्णांचा फोन आला की हवामानाच्या मॉडेलचा नकाशा मी जरा संशयानंच बघते, आणि तेवढ्यासाठी पैसे वसूल.

पाचपैकी साडेतीन. घेणार असाल तर लोखंडी क्लॅम्प वेगळा घ्या, उन्हाळ्यात काढून ठेवा. आणि बांधावरच्या कडुलिंबाखाली लावू नका; झाडाच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब हवा.